चाकाखालचा आरसा

दत्तू साळवीच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं नीळकंठराव मोघे अडतीस वर्षं स्वतःला सांगत आले होते. खरं म्हणजे राहून काही गेलं नव्हतं. त्यांनी ते दिलं नव्हतं. या दोन गोष्टींत केवढं अंतर आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून तर ते पहिलं वाक्य इतकं जपून वापरायचे.

पत्र आलं तेव्हा ते वायुदलातली पंधरा वर्षं संपवून भोपाळच्या कारखान्यात स्टोअरला लागले होते. पिपलानीत क्वार्टर मिळून जेमतेम चार वर्षं झाली होती. निळं आंतर्देशीय पत्र, बारीक तिरपं अक्षर. 'नीळू, मी आता आपल्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये मास्तर आहे. दुरुस्तीच्या हत्यारांची मोजदाद शिकवतो. दर तुकडीला तुझी आणि आरशाची गोष्ट सांगतो. परवा एका पोरानं विचारलं, सर, आरसा नक्की कुठं सापडला? मी म्हटलं, चाकाखालच्या गवतात. पण लेका, त्या गवतात मी स्वतः दोनदा रांगलो होतो रे. मला कसा दिसला नाही? खरं सांगू, त्या दिवसापासून माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही. विमानाला हात लावताना धाकधूक व्हायची. म्हणून हँगर सोडून वर्गात आलो. फळ्यावर लिहायला डोळे फार लागत नाहीत. तू नक्की कुठं बघितलास ते कळव, म्हणजे पोरांना नीट सांगता येईल. आणि मलाही.'

त्या संध्याकाळी नीळकंठरावांनी तीन वेळा कागद घेतला आणि तिन्ही वेळा 'प्रिय दत्तू' या दोन शब्दांपाशी पेन थांबलं. मग पत्र एका जाड पुस्तकात गेलं. पुढे दर दिवाळीला कपाट झाडताना पुस्तकं खाली उतरायची, पुन्हा चढायची, आणि पत्र कधी या पुस्तकात तर कधी त्या पुस्तकात सापडायचं. ते असं कसं हिंडतं, याचा विचार नीळकंठरावांनी मुद्दामच केला नव्हता.

आज त्यांची पंच्याहत्तरी होती, आणि सकाळी अंघोळ झाल्यावर वाचायला म्हणून जे पुस्तक काढलं त्यातून नेमकं तेच पत्र मांडीवर पडलं. बाहेरच्या खोलीत मुलगी बोलावत होती. त्यांनी पत्र घडी करून सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि ते उठले.

क्वार्टर आता मुलाच्या, विश्वनाथच्या नावावर होतं. बापाच्याच कारखान्यात तो इंजिनिअर होता. त्याच्या बायकोनं, कांचननं, पहाटेपासून कणकेचे दिवे वळले होते. पंच्याहत्तर वर्षांना पंच्याहत्तर दिवे. विश्वनाथची धाकटी बहीण कल्पना कोलार रोडवरून जिलबीचा पुडा आणि श्रीखंडाचा डबा घेऊन आली होती, आणि आल्यापासून तिचं तोंड थांबलं नव्हतं.

"बाबा, बसा पाटावर. आई, तू इकडे ये. वहिनी, परात आणा ना, किती वेळ लावता. अनू कुठाय?"

अनू, म्हणजे अनुराधा, विश्वनाथची एकुलती एक मुलगी, स्वयंपाकघराच्या दारात परातीपुढे उकिडवी बसली होती. चोविसाव्या वर्षी वायुदलाच्या तंत्रशाखेत फ्लाइंग ऑफिसर झालेली ही मुलगी आठवडाभराच्या सुट्टीवर आली होती, आणि आल्यापासून गप्प गप्प होती. आत्ता ती बोटानं एकेका दिव्याला न शिवता, वरच्यावर, ओठ हलवत मोजत होती.

"चौऱ्याहत्तर," ती म्हणाली.

"अगं पंच्याहत्तर केलेत मी," कांचन म्हणाली.

"दोनदा मोजले, आई. चौऱ्याहत्तरच आहेत."

"एक कमी तो चलता है," कल्पना म्हणाली. "बाबांना काय, एक वर्ष तरुण समजू. चल, लाव वाती."

"नाही, आत्या. आधी सापडू दे."

ती उठली. ओट्यावर बघितलं, फ्रिजमागे बघितलं, कणकेच्या डब्यात हात घातला. कल्पना हसली, कांचनही हसली. पाटावर बसलेल्या नीळकंठरावांनाही मजा वाटत होती. नातीची ती वाकून बघण्याची पद्धत, एका जागेवरची नजर पूर्ण फिरवल्याशिवाय दुसरीकडे न जाण्याची, त्यांना आपलीच वाटली. तेवढ्यात विश्वनाथ म्हणाला, अगदी सहज, चहाचा कप खाली ठेवता ठेवता:

"इथे मोजतेस, तेवढं तिथे मोजलं असतंस तर बरं झालं असतं."

अनू ओट्यापाशीच उभी राहिली, पाठमोरी.

"दादा," कल्पना म्हणाली, "आजच बोलायचं होतं का हे?"

"मग कधी? उद्या तिला कळवायचंय. परवा ती जाणार."

गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती, पण चार दिवस ती कुणी उघड्यावर आणली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी अनूच्या तळावर एका विमानाचं काम संपलं. नियम असा की विमानात काही राहून जाऊ नये म्हणून काम करणाऱ्यानं हत्यारं मोजून ठेवायची, आणि दुसऱ्यानं ती पुन्हा मोजायची. मग दोघांनी सह्या करायच्या. अनू दुसरी होती. तिच्या हाताखालचा अनुभवी सार्जंट म्हणाला, मॅडम, सगळं बरोबर आहे. तिनं सही केली. विमान निघालं. आणि मग तिला चैन पडेना म्हणून तिनं पेटी उघडून मोजलं, तर नट फिरवायचं एक सॉकेट कमी. विमान धावपट्टीच्या तोंडाशी पोचलं होतं. तिनं वायरलेसवरून ते थांबवलं, परत आणलं, आणि विचारल्यावर सगळ्यांसमोर सांगितलं की मी न मोजता सही केली. पाच तास विमान उघडून बसले. सॉकेट शेवटी शेजारच्या विमानाच्या पेटीत निघालं. सार्जंटला आणि तिला, दोघांनाही लेखी समज मिळाली.

आणि आता तिच्यापुढे दोन वाटा होत्या. विमान दुरुस्तीच्या पुढच्या, अवघड प्रशिक्षणासाठी तिच्या तुकडीतून एकच जागा होती आणि तिच्या वरिष्ठांनी, समज देऊनसुद्धा, तिचं नाव पुढे केलं होतं. दुसरी वाट रसदीच्या प्रशिक्षणाची: सुटे भाग कुठून येणार, किती दिवसांत पोचणार, कुठल्या तळावर काय साठवायचं. कुठली हवी ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं.

"रसद काही वाईट नाही," विश्वनाथ म्हणाला. "मी कारखान्यात तेच बघतो. एक नट वेळेवर आला नाही तर अख्खं काम अडतं. डोकं लागतं त्याला. आणि निदान पोरीच्या सहीवर कुणाचा जीव टांगलेला नसतो."

"म्हणजे दादा, तुला भीती वाटते म्हणून तिनं घाबरायचं का?" कल्पना म्हणाली. "वहिनी, तुम्ही काही बोला ना."

कांचननं वातींची डबी बंद केली, उघडली. "तिला जे पाहिजे ते तिनं करावं. पण तिला काय पाहिजे ते ती बोलतच नाहीये."

"बोलते," अनू वळून म्हणाली. "मी रसदच लिहिणार आहे. ठरलंय."

विश्वनाथनं सुटकेचा श्वास टाकला. पण कल्पनाला ते सहन झालं नाही. ती लहानपणापासून अशीच होती. भावाच्या बाजूनं निकाल लागला की तिला दुसरी बाजू दिसायला लागायची.

"अगं पण का? तू आबांची नात आहेस! आमच्या शाळेत मी निबंध लिहिला होता बाबांच्या आरशावर, पता है? सगळी तुकडी सकाळपासून शोधतेय, मास्तर लाल झालेत, विमानाचे पत्रे उघडलेत, आणि कुणाला सापडत नाही तो आरसा. एवढासा, रुपयाएवढा. आणि आमचे बाबा, एकोणीस वर्षांचे, सरळ चालत जातात आणि चाकाखालच्या गवतातून उचलतात! ते डोळे तुझ्यात आलेत, अनू."

"नाही आले, आत्या." अनूचा आवाज चढला नाही, पण हलला. "तेच तर. लहानपणापासून ती गोष्ट ऐकत आलेय. माझ्या पहिल्या दिवशी मी ती माझ्या सगळ्या लोकांना सांगितली, आबांचं नाव घेऊन. आणि मग मीच न मोजता सही केली. काही लोकांच्या डोळ्यांत ते असतं. माझ्यात नाहीये. मला स्वतःवर भरोसाच राहिला नाही. विमानाला हात लावला की वाटतं काहीतरी राहिलं. अशा माणसानं हँगरमध्ये राहू नये."

नीळकंठरावांना खिशातलं पत्र सदऱ्यातून छातीला टोचलं. कागद टोचत नाही, हे त्यांना कळत होतं. पण जवळजवळ तेच शब्द होते. माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास राहिला नाही.

त्यांना वाटलं, आता कुणीतरी विषय बदलेल. नेहमी कुणीतरी बदलायचं. त्यांची बायको, उषाताई, म्हणतील, अहो, दिवे लावू या. कल्पना म्हणेल, जिलबी गार होतेय. आणि उद्या नात रसद लिहील, परवा गाडीत बसेल, आणि आपण खिडकीपाशी बसून पुस्तक उघडू. ते स्वतःला चांगले ओळखत होते. स्टोअरमध्ये साहेबासमोर साधा रजेचा अर्ज ठेवताना ज्याचे हात ओले व्हायचे, त्या माणसाकडून घरच्या पाच माणसांसमोर हे होणं कठीण होतं.

कांचननं काडी पेटवली. पहिली वात लागली, दुसरी लागली.

"थांब, कांचन," ते म्हणाले. "मला एवढ्यात ओवाळू नका."

"बाबा, एक दिवा कमी आहे म्हणून का?" कल्पनानं हसत विचारलं.

"नाही. मी..." ते पाटावर सरकून बसले. "तो आरसा गवतात नव्हता."

कुणाला काही समजलं नाही. कल्पना हसत होती ती तशीच राहिली.

"माझ्याकडे होता. माझ्या वहीत."

त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि नेहमीसारखंच त्यांना सुरुवात कुठून करायची ते जमेना, म्हणून मधूनच केली. वही. जाड, पुठ्ठ्याची. इतर पोरं विमानाखाली घुसून हात काळे करायची आणि नीळू मोघे पायरीवर बसून मास्तरांचा शब्द न् शब्द उतरवायचा. आरसा म्हणजे दंतवैद्याकडे असतो तसला, बारीक दांडीचा, नळीच्या मागे चीर गेलीय का ते बघायला. त्यांनी तो वापरला, मग काहीतरी सुचलं म्हणून वही काढली, लिहिलं, आणि पान हरवू नये म्हणून खूण म्हणून दांडीच पानांत घातली. वही मिटली. बाकावर इतर वह्यांच्या ढिगात ठेवली.

"पुस्तकात खुणेला आरसा!" उषाताईंच्या तोंडून निघून गेलं. "तुम्हीच करू जाणे."

"खिसे तपासले, पेट्या तपासल्या. वह्या कुणी तपासल्या नाहीत. आणि मला आठवलंच नाही, शपथेवर सांगतो. मीही शोधत होतो. दुपारी जेवून आलो, वही उघडली, आणि..." ते थांबले. "दोन पावलांवर मास्तर होते. हात वर करून 'सर, माझ्याकडे आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण सगळी तुकडी चार तास उन्हात होती. मला वाटलं, मारतील. मारलं नसतं, हसले असते. मला हसण्याची जास्त भीती. मी विमानाजवळ गेलो, चाकापाशी वाकलो, बाहीतून तो गवतात टाकला आणि ओरडलो, सापडला. टाळ्या पडल्या. मास्तरांनी पाठ थोपटली. पुढे शेवटच्या शेऱ्यातसुद्धा लिहिलं, तीक्ष्ण नजर."

"बाबा," विश्वनाथ उठत म्हणाला.

"एवढ्यावर असतं तर मी ते घेऊन मेलो असतो. पण त्या दिवशी हत्यारांची पेटी दत्तूच्या सहीची होती. त्याला शिक्षा म्हणून चौदा दिवस जादा काम लागलं. ते त्यानं हसत केलं." त्यांनी खिशातून निळं पत्र काढून नातीकडे केलं. "वाच. मोठ्यानं नको."

अनूनं उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. मग ती पाटाजवळ जमिनीवर बसली.

"यांनी हँगर सोडलं," ती म्हणाली. "तुम्ही खोटं बोललात म्हणून."

"हो."

"त्यांचे डोळे ठीक होते."

"अगदी ठीक होते. गवतात काही नव्हतंच, तर दिसणार काय? मी हे त्याला कळवायला हवं होतं. आणि तुलाही. तू माझ्या त्या गोष्टीशी स्वतःला ताडून बघतेस, म्हणून सांगतो. तशी गोष्ट घडलीच नाही, अनू."

"पण माझी चूक तर खरी आहे ना, आबा? मी सही केलीच."

"खरी आहे. चूकच आहे, आणि लहान नाही," नीळकंठराव म्हणाले. तिचं मन राखायला खोटं बोलावंसं त्यांना वाटलं नाही, आणि याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. "पण विमान अजून जमिनीवर होतं तेव्हा तू बोललीस. सगळे ऐकत असताना. मला ते छप्पन्न वर्षं जमलं नाही. तुझ्या वरिष्ठांनी समज दिली आणि तरी तुझंच नाव पुढे केलं, ते काय दया म्हणून? त्यांना सही करून मग झोप न येणारं माणूस पाहिजे असेल. रसद तुला मनापासून हवी असेल तर अवश्य लिही. विशू म्हणतो ते खरं आहे, ते काम डोक्याचं आहे. पण घाबरून लिहू नकोस. घाबरून केलेलं मी केलंय. फार काळ टिकतं ते."

कल्पनानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "म्हणजे माझा निबंध सगळा झूठ? बाबा, मला त्याला बक्षीस मिळालं होतं! कंपासपेटी!"

"परत कर," विश्वनाथ म्हणाला, आणि सगळ्यांत आधी तोच हसला. हसता हसता त्यानं मुलीकडे बघितलं. "तू ठरव, अनू. मला धास्ती वाटणार ती वाटणारच. तू दिव्यांची रसद सांभाळलीस तरी वाटेल."

"दिवा!" अनू एकदम म्हणाली. "आबा, चौऱ्याहत्तर आहेत अजून."

उषाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सावकाश पदर सारखा केला. "एक मी सकाळी देवापुढे लावला. सांगायचं राहिलं."

"आजी! काही उचललं की नोंद करायची असते!"

"पन्नास वर्षं या संसारातल्या वस्तू मी हलवतेय. सगळ्यांची नोंद कुठं करू?" त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे न बघता पुढे म्हणाल्या, "ते पत्रही मीच हलवायची. तुम्ही जे पुस्तक पुन्हा काढाल असं वाटायचं, त्यात ठेवायची. यंदा बरोबर लागलं."

नीळकंठराव त्यांच्याकडे वळले. "तू वाचलं होतंस?"

"आंतर्देशीय पत्राला कुलूप असतं होय? आत काय दडलंय ते मला आज कळलं. पण उत्तर द्यायचं आहे, एवढं तर दिसतच होतं." त्यांनी देव्हाऱ्यातला दिवा आणून परातीत ठेवला. "मोज गं."

अनूनं मोजले. मग ती म्हणाली, "आई, तूही मोज. दुसऱ्यानं मोजायचं असतं." कांचननं मोजले. पंच्याहत्तर भरले, तेव्हा कुठे बाकीच्या वाती लागल्या. सगळ्या एकदम पेटल्यावर परात इतकी तापली की कांचनला फडकं धरून ओवाळावं लागलं, आणि नीळकंठरावांच्या चष्म्यावर त्या सगळ्या ज्योती आल्यामुळे त्यांना समोरचं कुणीच धड दिसेना.

जेवणं होईपर्यंत दोन वाजले. श्रीखंडावर विश्वनाथ आणि कल्पना पुन्हा भांडले, यावेळी गोडावरून. अनू फोन घेऊन अंगणात गेली होती. ती आत आली तेव्हा नीळकंठराव टेबलाशी बसले होते. समोर कागद होता आणि कागदावर दोनच शब्द.

"आबा, सापडले. आमच्या एका वॉरंट ऑफिसरांना विचारलं, त्यांनी निवृत्त लोकांच्या ग्रुपवर टाकलं. दत्ताराम साळवी, देवरूख. तब्येत ठणठणीत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आता म्हणे चष्म्याशिवाय पेपर वाचतात. नंबर पण दिलाय. लावू?"

"नको, नको." त्यांनी घाईनं हात हलवला. "फोनवर मी ततपप करीन आणि तो हसण्यावारी नेईल. त्यानं पत्रानं विचारलं होतं." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "त्याला राग येईल ना?"

"येईल कदाचित."

"यावा," ते म्हणाले आणि पेन उचललं. "पत्ता दे."

अनूनं पत्ता लिहून दिला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आपला लॅपटॉप उघडला. तिलाही काही लिहायचं होतं. बराच वेळ एका टोकाला पेन कुरकुरत होतं आणि दुसऱ्या टोकाला कळा वाजत होत्या. तिचं आधी संपलं.

"गेलं," ती म्हणाली. "मेंटेनन्सच लिहिलं. आणि आबा, तुमची गोष्ट मी आता माझ्या लोकांना नव्यानं सांगणार आहे. चालेल? नाव गाळू?"

नीळकंठरावांनी क्षणभर विचार केला. "नावासकट सांग," ते म्हणाले. "आणि सांग, वह्याही तपासत जा."

त्यांचं उत्तर दीड पानाचं झालं. त्यात एकही वाक्य त्यांना चांगलं वाटलं नाही. पुन्हा लिहावं असं चार वेळा मनात आलं, आणि अनूनं चारही वेळा कागद समोरून उचलू दिला नाही.

सोमवारी सकाळी दहाला दोघं पिपलानीच्या पोस्टात गेली. खिडकीवरची मुलगी म्हणाली, अंकल, स्पीड पोस्ट करा, तीन दिन में पहुँचेगा. नीळकंठराव म्हणाले, साधं तिकीटच द्या, अडतीस वर्षं थांबलाय तो, आठवडाभर आणखी थांबेल. मुलीनं अनूकडे बघितलं. अनूनं मान हलवली, म्हणजे देऊन टाका.

तिकीट लावून ते बाहेरच्या लाल पेटीपाशी आले. पाकीट अर्धं आत गेलं आणि त्यांचा हात तिथेच राहिला. रस्त्यानं कारखान्याची बस गेली.

त्यांनी बोटं सोडली. मग वाकून, चष्मा वर करून, फटीतून आत बघायचा प्रयत्न केला. आत अंधार होता.

"सरका," अनू म्हणाली. तिनं फटीला डोळा लावला, मोबाइलचा उजेड आत टाकला, नीट बघितलं, आणि सरळ उभी राहिली.

"पडलं आत?"

"पडलं, आबा. मी बघितलं."